नळकामाच्या चुकीने भिंतीत मुरलेलं पाणी : कामातल्या माणसांनी नेमकं लिहावं

नळकाम झाल्यावर काही महिन्यांत भिंतीला ओल येते, खालच्या छतावर डाग उमटतो आणि जो तो 'फोडून बघू' म्हणतो. ज्यांना हे काम कळतं त्यांनी लिहावं. 'चांगला माणूस बघा' छापाचे सल्ले नकोत.

* * *

फोडायच्या आधी पुरवठ्याची लाइन गळते की सांडपाण्याची, हे ठरवा. पुरवठ्याच्या लाइनीत सतत दाब असतो, म्हणून ती दिवसरात्र गळते. सांडपाण्याची ओल वापराप्रमाणे कमीजास्त होते.

सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक (भिंतीतून पाइप निघतो तिथला छोटा नळ) बंद करून तासभर मीटरचा काटा बघा. हलला तर गळती पुरवठ्याची. मग गिझरच्या इनलेटचा कॉक बंद करा. काटा थांबला तर दोष गिझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनीत. गच्चीवरच्या टाकीला मीटर नसतो, तिथे रात्री पातळीला खूण करा. एकदा आउटलेट व्हॉल्व्ह उघडा ठेवून, एकदा बंद ठेवून. दोन्ही वेळा पातळी उतरली तर टाकी स्वतःच गळते आहे.

काटा हललाच नाही, तर नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) तोंड बुचाने बंद करून बाथरूममध्ये २५ ते ४० मिमी पाणी २४ तास साठवा. पाणी उंबऱ्याच्या खालीच राहू द्या. खाली ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपची कड गेली आहे. वाढली नाही, तर बुच काढून रंगीत पाणी सोडा. तो रंग खाली उतरला तर ट्रॅपच्या पुढचा पाइप बघा.

डागाच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीत शिरलेलं पाणी दोन खोल्या पलीकडे पंख्याच्या पॉइंटमधून टपकतं.

* * *

पुरवठ्याच्या लाइनीत पाइप सहसा फुटत नाही, जोड सुटतो. सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) जोड असा करायचा: पाइप काटकोनात कापून कडेची कुसळं काढा. कोरडा बसवल्यावर तो सॉकेटच्या (फिटिंगचं पाइप शिरतो ते तोंड) एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर अडकायला हवा. सैल शिरला तर फिटिंग बदला. सॉल्व्हंट (पाइप जोडायचा चिकट द्रव) सीपीव्हीसीचंच हवं, थंड पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपाचं नाही. पाइपवर सढळ, सॉकेटमध्ये पातळ. पाव वेढा फिरवत तळापर्यंत ढकला आणि १० ते ३० सेकंद दाबून धरा, कारण सॉकेट आत निमुळता असतो आणि पाइप मागे सरकतो. घाईत नेमकं हेच राहतं. जोडाभोवती सॉल्व्हंटची सलग कडी दिसली पाहिजे. खंड पडला असेल तिथे आतही ते पोचलेलं नसतं.

आट्यांवर टेफ्लॉन टेप. जुन्या सवयीने धागा आणि सफेदा (पांढरा तेलरंगाचा लगदा) लावतात. तेलकट सफेद्याने सीपीव्हीसीला कालांतराने तडे जाऊ शकतात. हाताने घट्ट, मग पान्याने एक-दोन वेढे, बास. जोर लावला की फिटिंगला केसाएवढी चीर पडते आणि ती टाइल लागून गेल्यावर बोलायला लागते. नळ बसतो तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग घ्या.

* * *

वरच्यात भर. पाइपासाठी भिंतीत खोदलेली चर बुजवायच्या आधी लाइनीत पाणी भरून हवा काढा, तोंडं प्लगने बंद करा आणि टेस्ट पंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. गेजचा काटा दोन तास तरी जागचा हलता कामा नये. सॉल्व्हंट पुरतं सुकल्यावरच. प्लास्टिक पाइपात हवेने दाब देऊ नका. फुटला तर तुकडे उडतात.

* * *

नहाणी ट्रॅप म्हणजे सगळ्या दुर्लक्षाचं ठिकाण. स्लॅबचं भोक मोठं फोडतात आणि पाइपभोवती विटेचे तुकडे नि पातळ माल कोंबतात. तिथे न आकसणारा ग्राउट भरायचा, वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपच्या तोंडात आत वळवायचा आणि भिंतीवर ३०० मिमी चढवायचा. फक्त टाइलच्या सांध्यांत नवं ग्राउट भरणं हा उपाय नाही. कोब्यात (टाइलखालच्या मालाच्या थरात) साठलेलं पाणी तिथेच राहतं.

* * *

दुरुस्तीनंतर लगेच पुट्टी मारू नका, फुगून पडते. फुगलेलं प्लास्टर घट्ट भागापर्यंत खरवडा, पांढरा लोणा (भिंतीवर आलेला क्षार) कोरड्या ब्रशने झाडा (ओल्या फडक्याने तो परत आत मुरतो) आणि पंखा चालू, खिडक्या उघड्या ठेवा. वाळलं का ते बघायला ४५ सेंमी चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दंव दिसलं तर थांबा.

* * *

पीओपीच्या छताला पोट आलं असेल तर आधी त्या भागाचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, खाली बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने सर्वांत खालच्या जागी भोक पाडा. पाणी साठू दिलं तर अख्खं छत खाली येतं. ओल्या बोर्डातला एमसीबी किंवा आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल तर जबरदस्तीने चढवू नका. बोर्ड उघडून वाळवून इन्सुलेशन तपासून घ्या.