मेडलेत खांदा जरासा जास्त वळला की पदक गेलं: शिक्षा अति आहे का?

लेन_चार
पॅरिस 2024, महिलांची 200 मीटर वैयक्तिक मेडले (एकाच शर्यतीत चारही शैली) फायनल. अमेरिकेची अ‍ॅलेक्स वॉल्श तिसरी आली, पण ब्रेस्टस्ट्रोककडे वळताना बॅकस्ट्रोक (पाठीवरची शैली) पाठीवर संपवला नाही म्हणून बाद. कांस्य मिळालं सेकंदभर मागे असलेल्या केली मॅककिओनला. नियम ठीक आहे, शिक्षा अति आहे. त्या वळणात वाचतो सेकंदाचा किरकोळ भाग. तेवढा वेळ वाढवा, आख्खी शर्यत कशाला पुसता?

टर्नजज
आणि किती वाढवायचा, ते कोण ठरवणार? खांदा 95 अंशांवर गेला तर किती, 110 वर गेला तर किती? नियम साधा आहे: हात भिंतीला लागेपर्यंत खांदा उभ्या रेषेपलीकडे जायचा नाही. फायदा झाला की नाही, हे बघायचंच नसतं.

गोंधळ होतो तो 400 मेडलेत, तिथे प्रत्येक शैली 100 मीटर असते. 50 मीटरच्या तलावात बॅकस्ट्रोकच्या मधल्या वळणाला पालथं होऊन टर्न मारता येतो, पण 100 मीटर पूर्ण होताना नाही. तिथे तो त्या शैलीचा शेवट असतो, म्हणून पाठीवरच स्पर्श. पोरं सवयीनं दोन्हीकडे सारखंच वळतात आणि मग पालक आम्हा पंचांवर डाफरतात.

पुलआउट
पण नियम सगळ्यांना सारखा लागतो कुठे? लंडन 2012 ला 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकलेल्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गनं नंतर स्वतःच सांगितलं, की पुलआउटमध्ये (उडी किंवा वळणानंतरच्या पाण्याखालच्या टप्प्यात) जादा डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची लाथ) मारल्या. परवानगी होती एकीची. सुवर्ण कायम! पाण्याखालचं चित्रण पंच तेव्हा बघतच नव्हते. जो पकडला गेला तोच चोर, असा हा न्याय.

टर्नजज
मग कॅमेरे वाढवा, शिक्षा कशाला पातळ करता?

लेन_चार
जिल्हा पातळीवर कुठले कॅमेरे, राव? भिंतीवर उभा एक माणूस, दोन-दोन लेन बघणारा, त्यात पाणी उसळलेलं.

टर्नजज
म्हणूनच शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला. नक्की दिसलं तरच हात वर करायचा आणि रेफरीला कोणती लेन, कोणती चूक ते लिहून द्यायचं.

झेंडीखाली
शिक्षेवर वाद घालण्याआधी टर्न बघा. क्रॉसओव्हरमध्ये (बॅकस्ट्रोककडून ब्रेस्टस्ट्रोककडे जायच्या जलद वळणात) हात डोक्यावरून पलीकडच्या बाजूला जातो, अंग कुशीवर येतं आणि तळवा पाण्याखाली भिंतीला लागतो. चूक होते ती भिंत शोधायला मान वळवली की. मानेमागे खांदा येतोच. उपाय: भिंतीपासून 5 मीटरवर, पाण्यावर टांगलेल्या झेंड्यांपासून स्ट्रोक मोजून ठेवा आणि स्पर्श होईपर्यंत नजर छताकडे. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना क्रॉसओव्हर शिकवूच नका, साधा ओपन टर्न (गुलांटी न मारता, भिंतीला हात लावून वळणं) द्या. थोडा वेळ जाईल, निकालपत्रकात नाव तरी राहील.

पुलआउट
ओपन टर्नवर राज्य स्पर्धेची फायनल गाठून दाखवा, मग बोलू.