वेगाने बोललेल्या इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब कानाने कशी पकडावीत?

नदीकाठ:
नमस्कार. मी पुण्यात बसून एका अमेरिकी ग्राहकाच्या संकेतस्थळाचे काम करतो. 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'लुक इन्टू' अशा फ्रेझल व्हर्बचे, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्यांचे, अर्थ वाचताना मला अडत नाहीत. फोनवर मात्र तीच क्रियापदे निसटतात. गेल्या महिन्यात पलीकडून 'पुट इट ऑफ टिल थर्सडे' असे सांगण्यात आले, म्हणजे काम गुरुवारपर्यंत पुढे ढकलायचे होते. मी 'पुट इट अप' ऐकले आणि पान गुरुवारपर्यंत झळकत ठेवायचे आहे अशा समजुतीने त्याच संध्याकाळी ते प्रसिद्ध करून मोकळा झालो. कान तयार होण्यासाठी नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे. याद्या पाठ करून झाल्या आहेत.

ओसरी:
याद्यांनी हे सुटणार नाही, कारण अडचण अर्थाची नसून ऐकण्याच्या सवयीची आहे. मराठीत 'वाचून टाक', 'सांगून बघ' अशा जोड्यांमध्ये मुख्य अर्थ पहिल्या शब्दात असतो आणि दुसरा शब्द केवळ छटा देतो. त्यामुळे इंग्रजी ऐकतानाही 'पुट' हाती लागताच आपला कान निश्चिंत होतो, आणि सारा अर्थ ज्या 'ऑफ'वर अवलंबून आहे तो शब्द तेवढ्यात निघून जातो. वास्तविक 'पुट इट ऑफ'मध्ये आघात 'ऑफ'वरच असतो, म्हणून लक्ष शेपटाकडे ठेवावे.

शिवाय अमेरिकी बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन जवळजवळ 'ड' होतो आणि पुढच्या स्वराला चिकटतो. तुमच्या कानावर प्रत्यक्षात 'पुडिडॉफ' आले असणार. जगत् आणि ईश यांचा जगदीश करणाऱ्यांना हे परके वाटायला नको. फरक इतकाच, की आपला संधी लिहून दाखवला जातो आणि त्यांचा नाही. 'पिक हिम अप'मधला 'ह'ही असाच गळतो आणि 'पिकिमप' उरते.

वीस सेकंदांचा तुकडा घ्यावा, जसा ऐकू येईल तसा देवनागरीत लिहावा (रोमन लिपीत हात आपोआप स्पेलिंग दुरुस्त करू लागतो) आणि मगच मूळ मजकुराशी ताडून पाहावा. 'यूग्लिश' या संकेतस्थळावर शब्दसमूह टाकला की तो जिथे बोलला गेला आहे, नेमक्या त्या जागेपासून यूट्यूबवरील चित्रफिती सुरू होतात. अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे उच्चारही निवडता येतात.

पायरव:
ओसरी यांच्याशी सहमत आहे. वेग कमी करून ऐकण्याचा मात्र मला फारसा उपयोग झाला नाही, कारण जोडलेले शब्द संथ केले तरी जोडलेलेच राहतात. कान तयार होईपर्यंत नोकरीही सांभाळायची असते, तेव्हा ऐकलेले आपल्या शाळेतल्या इंग्रजीत उलट विचारावे: म्हणजे हे गुरुवारपर्यंत 'पोस्टपोन' करायचे ना? 'पोस्टपोन', 'कॅन्सल' हे शब्द दोन्ही बाजूंना कळतात आणि त्यांत ऑफ-अपचा घोळ होत नाही.

नदीकाठ:
दोघांचेही आभार. त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले आणि देवनागरीत लिहू लागलो, तर कागदावर 'पुडिडॉफ्टिल' असे उतरले. मध्ये जागा कुठे सोडावी हेच कळेना, पण 'फ' अगदी स्पष्ट होता. आता 'कॉल इट ऑफ' लावून बसलो आहे.