मदत हवी आहे: आईच्या पोटासाठी आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक

नमस्कार मंडळी. आईला (वय ५८) सहा वर्षांपासून पोटाचा त्रास आहे. कधी चार दिवस साफ होत नाही, कधी सकाळी पाच वेळा पळापळ. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते बघणारी शौचाची तपासणी), सिलिअॅकची (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याच्या आजाराची) रक्ततपासणी, सगळं नॉर्मल; निदान आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट सतत बिघडणं). आम्ही साताऱ्याचे.

पोटाचे डॉक्टर एक, थायरॉइडचे दुसरे, आणि एकाची चिठ्ठी दुसरा बघत नाही. थायरॉइडच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं, हे शेवटी मेडिकलवाल्याने सांगितलं!

लो फॉडमॅप आहाराचा (आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचं पथ्य) छापील कागद मिळालाय, त्यात खायला झुकिनी आणि ब्रोकोली. कांदा, लसूण, गहू बंद. आता कांदा-लसूण मसाल्याशिवाय आमच्याकडे आमटी कशी होणार? आई सहा महिने भाकरी आणि मुगाच्या पाण्यावर राहिली, पाच किलो उतरली. हे पथ्य २ ते ६ आठवडेच पाळून मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो, हे कुणी बोललंच नाही.

पुण्यात किंवा ऑनलाइन, आपला स्वयंपाक कळणारे आहारतज्ज्ञ माहीत आहेत का? आयबीएससाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) करणारं कुणी? (त्यावर आई म्हणते, "मी काय वेडी आहे?" तिला कसं समजावू?) आणि या सगळ्यांचा मेळ कुणी घालायचा, फॅमिली डॉक्टरांना गळ घालू का? तुमच्याकडे कसं जमवलंत?