मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या मिल्नर-बॅरी गॅम्बिटमध्ये (आघाडीसाठी प्यादे देण्याच्या सुरुवातीत) डी३ वरचा उंट गेल्यावर पांढऱ्याने कसे खेळावे?

नमस्कार. नागपुरातल्या एका खुल्या स्पर्धेत माझ्या पुतणीने पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव बरोबरीत सुटला. मात्र सोळाव्या चालीपाशी आमचे गाडे अडले आहे. चाली अशा झाल्या (रा राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घो घोडा, नुसते घर दिले तर प्यादे; × म्हणजे मारणे, किल्लेकोट म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल):

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घो-सी६ ५. घो-एफ३ व-बी६ ६. उ-डी३ सी×डी४ ७. सी×डी४ उ-डी७ ८. राजाच्या बाजूला किल्लेकोट घो×डी४ ९. घो×डी४ व×डी४ १०. घो-सी३ ए६ ११. व-ई२ घो-ई७ १२. रा-एच१ घो-सी६ १३. एफ४ घो-बी४ १४. ह-डी१ घो×डी३ १५. ह×डी३ व-बी६

इथपर्यंतचे मर्म तिला नीट कळते. उंट डी७ वर आणण्याआधीच काळ्याने डी४ चे प्यादे खाल्ले, तर उंट बी५ वर येऊन शह देतो आणि वजीर हातचा जातो. बाराव्या चालीत राजा कोपऱ्यात नेल्याशिवाय एफ२ चे प्यादे हलूच शकत नाही, कारण डी४ वरच्या वजिराने ते जखडलेले असते, आणि एफ४ खेळल्याशिवाय ई५ चा आधार टिकत नाही. ही चाल तिने पटावर स्वतः शोधली, याचे मला फार कौतुक वाटते.

अडचण त्यानंतरची आहे. ज्या उंटाच्या जोरावर एच७ वर हल्ला करायचा तोच गेला, काळ्याकडे दोन्ही उंट आणि एक प्यादे जास्त राहिले. पांढऱ्याकडे उरली ती मोहऱ्यांची आघाडी आणि काळ्याचा अजून मध्यभागी असलेला राजा. १६. उ-ई३ उ-सी५ १७. उ×सी५ व×सी५ १८. एफ५ असे तडक फोडावे का? त्यात काळ्याने एफ५ चे प्यादे मारल्यास डी५ वर घोडा आणि हत्ती यांचा दुहेरी मारा येतो. की उंट राखून १६. ह-जी३ खेळावे, म्हणजे जी७ च्या राखणीसाठी काळ्याचा एफ८ वरचा उंट जागीच अडकतो? मला दुसरा मार्ग अधिक पटतो, पण काळ्याने जी६ खेळून वजिराच्या बाजूला किल्लेकोट केल्यास पुढे काय, हे उमगत नाही. संगणकावरचे बुद्धिबळ इंजिन आकडा दाखवते, योजना सांगत नाही.

दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडची मुले ओपनिंग घोटून येतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे तिचे प्रशिक्षक गॅम्बिट सोडून ६. उ-डी३ ऐवजी ६. ए३ शिकण्यास सांगतात. फ्रेंच बचाव (ई४ ला ई६ हे उत्तर) काळ्याकडून नियमित खेळणाऱ्यांनी कृपया सांगावे: दीर्घ वेळेच्या डावात तुम्हाला ६. उ-डी३ आणि ६. ए३ यांपैकी कोणती चाल अधिक त्रासाची वाटते, आणि १६. ह-जी३ ला तुम्ही काय उत्तर द्याल?