ॲक्टिव्हचे पॅसिव्ह करताना काळ का चुकतो?

प्रश्न :
माझी मुलगी नववीत आहे. इंग्रजी व्याकरणात ती ॲक्टिव्ह (कर्ता पुढे असलेले) वाक्य पॅसिव्ह (कर्म पुढे आणलेले) करायला शिकते आहे. ‘द गार्डनर इज वॉटरिंग द प्लांट्स’ या वाक्याचे पॅसिव्ह तिने ‘द प्लांट्स आर वॉटर्ड बाय द गार्डनर’ असे लिहिले आणि गुण गेले. शिवाय ‘द सन राइझेस इन द ईस्ट’ या वाक्याचे पॅसिव्ह कसे करायचे, असे ती विचारते. नियमांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. मग नेमके अडते कुठे?

पहिले उत्तर :
तक्ता पाठ करण्याआधी मूळ वाक्यातले कर्म शोधण्याची सवय लावावी. ‘राइझ’ हे क्रियापद अकर्मक आहे आणि ‘इन द ईस्ट’ हे कर्म नसून केवळ स्थळ सांगणारे शब्द आहेत, त्यामुळे त्या वाक्याचे पॅसिव्ह होतच नाही.

पहिल्या वाक्यात तिने कर्म बरोबर पुढे आणले, पण चालू काळ हरवला. पॅसिव्हमध्ये मुख्य क्रियापद नेहमी तिसऱ्या रूपातच राहते, म्हणून काळ दाखवण्याचे सारे काम ‘बी’ या क्रियापदाच्या रूपांवर येते. मूळ वाक्यात ‘इज वॉटरिंग’ असेल तर ‘आर बीइंग वॉटर्ड’, ‘हॅज वॉटर्ड’ असेल तर ‘हॅव बीन वॉटर्ड’ आणि ‘विल वॉटर’ असेल तर ‘विल बी वॉटर्ड’. ‘इज’चे ‘आर’ का झाले, हेही तिला विचारावे, कारण नवा कर्ता ‘प्लांट्स’ अनेकवचनी आहे.

दुसरे उत्तर :
वरील उत्तर योग्यच आहे, पण मराठी माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण मला महत्त्वाची वाटते. ‘सीमाने पत्र लिहिले’, ‘सीमाने कविता लिहिली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून आपण त्याला कर्मणी प्रयोग म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘सीमा रोट अ लेटर’ हे सरळसरळ ॲक्टिव्ह आहे. ‘ने’ दिसला की मुले ‘बाय’ लिहून मोकळी होतात. मराठीतला प्रयोग क्रियापद कोणाच्या मागे जाते यावरून ठरतो, तर इंग्रजीतला व्हॉइस (ॲक्टिव्ह की पॅसिव्ह) कर्त्याच्या जागी कोण बसले आहे यावरून. मुलांसमोर दोन्ही व्याकरणे शेजारी ठेवून हा फरक शिकवला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. मग ‘शी हॅज अ कार’ या वाक्यात कर्म आहे, तरी त्याचे पॅसिव्ह का करत नाहीत?

पहिले उत्तर देणारे :
कारण येथे ‘हॅव’ मालकीची स्थिती सांगते, गाडीवर कोणतीही क्रिया घडत नाही. ‘रिझेंबल’ (सारखे दिसणे) आणि ‘लॅक’ (उणीव असणे) यांचेही असेच आहे. म्हणजे कर्म असणे आवश्यक आहे, पण प्रत्येक वेळी तेवढे पुरत नाही.

तिसरे उत्तर :
दोन गोष्टी जोडतो. ‘दे लाफ्ड ॲट हिम’चे पॅसिव्ह करताना ‘ॲट’ गाळू नये. ‘ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम’ हेच बरोबर. आणि कर्ता ‘समवन’सारखा अनिश्चित असेल, तर ‘बाय समवन’ लिहिण्याची गरज नसते. ‘माय सायकल वॉज स्टोलन’ एवढे पुरे.