ठाण्यातून: उन्हाळ्यात राहून गेलेले सिनेमे

आपल्या मराठी मंडळाच्या मेल-लिस्टवरच्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

आईच्या मोतीबिंदूसाठी मेच्या मध्यावर ठाण्याला आले, ती अजून नौपाड्यातच आहे. टाके-बिके काही नाहीत, डोळा छान उघडला. डॉक्टर म्हणाले, आता टीव्ही बघायला हरकत नाही. आई म्हणाली, टीव्ही कशाला, थेटरात ने. गडकरी रंगायतन तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणजे नाटक नाही. पावसाने तर यंदा, 2025 ला, नेहमीच्या 11 जूनची वाटच बघितली नाही, 26 मेलाच मुंबई गाठली, त्यामुळे तलावपाळीवरची संध्याकाळची फेरीही बुडाली. मग सिनेमेच सिनेमे.

1 मेला, महाराष्ट्रदिनी, दोन मराठी सिनेमे एकदमच लागले होते. आधी 'गुलकंद' बघितला. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे ही 'हास्यजत्रा'वाली जोडी, त्यामुळे हसू येणारच, आणि आलं. पण मला लक्षात राहिले ते समीर चौघुले, जेव्हा ते काही बोलत नाहीत तेव्हाचे. एवढा बोलका नट नुसता बघत बसतो आणि आपल्या पोटात कालवतं. बाकी सिनेमा थोडा तुकड्यातुकड्यांचा वाटला. आईला मात्र ईशा डे फार आवडली.

दुसरा 'आता थांबायचं नाय!'. ही मेल खरं तर त्यासाठीच लिहितेय. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार, गटारं-रस्ते साफ करणारी माणसं, रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. खऱ्या घटनेवरून केलेला आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, शिकवायला ओम भूतकर, आणि त्यांच्या मागे लागणारे साहेब म्हणजे आशुतोष गोवारीकर. दिग्दर्शक शिवराज वायचळ. आम्ही गेलो तेव्हा दिवसाला एकच शो उरला होता, तोही सकाळचा. रिक्षावाल्याला 'वंदना टॉकीजवरून घ्या' असं आई अजून सांगते, आणि त्यालाही ते कळतं.

तुमच्यापैकी पुष्कळांनी बाबांना पाहिलंय, पण हे कुणाला सांगितलं नसेन. बाबा संगमेश्वरहून आले ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले, आणि मॅट्रिक राहिलेलं रात्रशाळेतून केलं. जुनी अकरावी जाऊन 1975 ला दहावीची पहिली बॅच बसली, त्या सुमाराची गोष्ट. नवं लग्न, कारखान्याची पाळी, आणि साडेनऊला घरी. आई आठवी झालेली. ती पोळ्या लाटता लाटता परातीला गाईड टेकवून त्यांना प्रश्न विचारायची. ते चुकले की लाटणं थांबायचं. हे मला बाबांनी कधीच सांगितलं नाही. पोरांना शाळा-कॉलेजात घालणाऱ्या माणसाने स्वतःचं मॅट्रिक का लपवावं, हे मला आजही उलगडत नाही.

तर पडद्यावर मोठाली माणसं बाकांवर बसली, अभ्यास सुरू झाला, आणि शेजारून मला पुटपुटणं ऐकू आलं. 'अ वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब वर्ग.' काळा गॉगल लावलेली माझी एकाहत्तर वर्षांची आई. सिनेमात तो प्रश्न विचारलाही नव्हता. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि अंगठा दर पदाला एकेकदा दाबला जात होता, तीन वेळा. मग पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या रांगेत पालिकेतलेच असावेत असे चारपाच जण सहकुटुंब आले होते. मध्यंतरात त्यांच्यातल्या एकाने मागे वळून विचारलं, 'मावशी, तुम्ही बाई होतात का शाळेत?' आई म्हणाली, 'नाही हो, मी घरी घ्यायचे.'

दोन वर्षांपूर्वी आपण 'बाईपण भारी देवा' लावला तेव्हा मंगळागौरीच्या गाण्यांना हॉल उभा राहिला होता. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा गणपतीआधी हा लावू या. लॅपटॉपवर एकेकट्याने नका बघू.

– नौपाड्यातली ताई


विषय: उत्तर: ठाण्यातून

ताई, मेल वाचून गलबलून आलं. कार्यकारिणीत विषय ठेवते. फक्त दोन अडचणी: सबटायटल्सशिवाय मुलं बसणार नाहीत, वितरकांकडे चौकशी करावी लागेल. आणि काही जणांचं म्हणणं येईल की वर्षातून एकदा हॉल घेतो तर हलकंफुलकं दाखवा. माझं मत तुझ्या बाजूने आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

– सचिव


विषय: उत्तर: उत्तर: ठाण्यातून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

मी नेरूळला परत आल्याला सहा वर्षं झाली, पण लिस्ट सोडली नाही, ती अशा पत्रांसाठी. मी परवा वाशी स्टेशनसमोर 'जारण' पाहिला. भुताखेताचा म्हणून नातवाबरोबर गेलो. अमृता सुभाषने जे केलं आहे ते बघताना मला भीती वाटली ती भुताची नव्हे. आमच्या गावी माझी एक आत्या होती. दिवसदिवस बोलायची नाही, मग रात्री ओरडायची. कुणीतरी करणी केली म्हणून तिला देवरशाकडे नेत असत. लिंबू, कोंबडा, अंगारा, सगळं झालं. डॉक्टर तेवढा झाला नाही. 2013 साली दाभोलकर गेल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तोपर्यंत आत्या जाऊन तीस वर्षं झाली होती. थेटरातून निघताना नातू म्हणाला, आजोबा, एवढे गप्प का? त्याला आत्याबद्दल घरी येता येता सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

हलकंफुलकं हवं म्हणणाऱ्यांना माझा निरोप द्या: हसायला घरी पुष्कळ आहे. हॉल लागतो तो हुंदका आला तर शेजारी कुणी असावं म्हणून.

आणि वहिनींना विचार, 17 नंबरचा फॉर्म भरायचा का? दहावीला बाहेरून बसता येतं. मी बोर्डात चकरा मारायला तयार आहे, मनापासून सांगतो.

– नेरूळचे काका


विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ठाण्यातून

काका, तुमच्या आत्याचं वाचून रात्री उशिरापर्यंत जागी होते. माझ्या आजोळीही आईची अशी एक काकू होती. तिच्याबद्दल आईला विचारायला हवं.

तुमचा निरोप आईला सांगितला. फॉर्म नको म्हणाली, तीन तास लिहिवणार नाही. पण जरा वेळाने आतून हाक मारून म्हणाली, पुस्तक मिळतं का बघ. राम मारुती रोडवरून बालभारतीचं दहावीचं गणित आणलं, भाग 1. बीजगणित वेगळं, भूमिती वेगळी, हे तिला पटलं. जवळच्या चष्म्याचा नंबर अजून मिळायचा आहे, त्यामुळे तिला बारीक अक्षर लागत नाही. म्हणून रात्री जेवणं झाली की मी पुस्तक ओट्यावर डब्याला टेकवून एकेक उदाहरण मोठ्याने वाचते, आणि ती खुर्चीवर बसून उत्तर देते. काल वर्गसमीकरणात दोनदा चुकली. मी भांडी घासत होते, ती थांबवली.

सचिववहिनी, सबटायटल्सचं कळलं की लिहा. मी 28 तारखेला निघते.

– ताई