यजमानांना फ्लू वाटतोय, सासूबाईंना शुगर आहे. लस आता घ्यावी का?

त्रिमूर्तीनगरवाली
गणपती उठल्यापासून आमच्या गल्लीत घरोघरी ताप आहे. यजमानांना कालपासून १०२, अंग ठणकतंय, कोरडा खोकला. सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगरच्या गोळ्या चालू. मुलगा ४ वर्षांचा, १६ किलो. लस कोणीच घेतलेली नाही. हा फ्लूच की डेंगू? आता लस घेऊन उपयोग आहे का? शेजारच्या काकू म्हणतात, लसीनेच फ्लू होतो आणि कूलर बंद करा.

धंतोली_फिजिशियन
ताई, ताप एकदम चढला, अंगदुखी आणि सोबत कोरडा खोकला, म्हणजे कल फ्लूकडे. डेंगूत खोकला-सर्दी सहसा नसते. डोळ्यांमागे दुखतं, मळमळतं, पुरळ येतं. पण या दिवसांत आपल्याकडे दोन्ही एकाच मोहल्ल्यात सापडतात. त्यामुळे डेंगू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन काहीही नको, फक्त पॅरासिटामॉल. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एनएस१ (डेंगूची रक्ततपासणी) करून घ्या. एनएस१ पहिल्या ५ दिवसांतच भरवशाचा. अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप आणून ठेवली असेल तर राहू द्या, विषाणूवर ती चालत नाही.

खरी घाई सासूबाईंची आहे. लागण झाल्यावर १ ते ४ दिवसांत लक्षणं दिसतात, आणि रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवत असतो. त्यांना नुसती कणकण वाटली तरी स्वॅबच्या (नाक-घशातल्या नमुन्याच्या) रिपोर्टसाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिविर ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस, असा मोठ्यांचा नेहमीचा डोस; पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्तीत जास्त फायदा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी करतात, म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या.

धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं काहीही दिसलं की सरळ भरती. ताप उतरून दोन-चार दिवसांनी पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्या.

बालरोग_नर्स
लसीबद्दल. टोचायची फ्लूची लस मृत विषाणूची असते, तिने फ्लू होणं शक्य नाही. दंड दुखतो, एखाद्-दोन दिवस कसकस वाटते, एवढंच. संरक्षण यायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणजे यजमानांपासून होणारी लागण ती आता थांबवणार नाही. तरी घ्याच; आपल्याकडे दुसरी लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. पुढच्या वर्षीपासून मात्र पावसाळ्याआधीच उरकून टाका.

मुलाची पहिलीच वेळ आहे, त्यामुळे ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस. पुढे दरवर्षी एकच. लोक दुसरा डोस हमखास विसरतात, आणि मग लस घेऊनही फ्लू झाला म्हणतात. यजमानांनी बरं झाल्यावर घ्यावी, कारण फ्लूचे ए आणि बी दोन्ही प्रकार फिरत असतात. खोक्यावर कोणत्या वर्षाचे स्ट्रेन (विषाणूचे उपप्रकार) आहेत ते वाचा, गेल्या हंगामाचं पॅक असेल तर नको म्हणा.

बर्डीचा_फार्मासिस्ट
लस दुकानातून घेऊन दवाखान्यात नेणार असाल तर २ ते ८ अंश सांभाळा. लोक पिशवीत थेट बर्फावर सिरिंज ठेवतात. ती गोठली की लस बाद, नंतर वितळवून उपयोग नाही. आइसपॅक आणि खोक्याच्या मधे पुठ्ठा ठेवा. त्यापेक्षा दवाखान्याच्याच फ्रीजमधली घेतलेली बरी.

पोराला ताप आला तर पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १६ किलोला २४० मिग्रॅ. ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ४.८ मिली, १२० वाल्याचे १० मिली. बाटली बदलली की माप बदलतं, गडबड इथेच होते. दोन डोसांत ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही.

त्रिमूर्तीनगरवाली
धन्यवाद जी. कूलरचं राहिलं.

धंतोली_फिजिशियन
कूलरने फ्लू होत नाही, उलट खिडकी उघडी ठेवून चालवला तर खोलीतली हवा बदलते. भीती टाकीतल्या साचलेल्या पाण्याची, डेंगूचा डास तिथेच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासा. यजमानांना वेगळी खोली द्या, आणि पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही की मगच ऑफिस.